ॲपला कळलं, घरात कुणालाच नाही

ताई,

बाळंत होऊन अकरा आठवडे झाले. बाळ छान आहे, वजन नीट वाढतंय, डॉक्टर खूश आहेत. मी नाही. दुसऱ्या महिन्यात एका रात्री मी कारण नसताना रडत बसले होते, तेव्हा नवऱ्याने शोधून माझ्या फोनमध्ये नव्या आयांसाठीचं एक ॲप टाकून दिलं. आता अशी चार झाली आहेत. एक रोज ‘आज कसं वाटतंय’ विचारतं आणि आठवड्यातून एकदा दहा प्रश्न देऊन स्कोअर सांगतं. एक ध्यानाचं. एक चॅटबॉट, त्याच्याशी मी रात्री तीन वाजता बाळाला पाजताना बोलते. आणि एकात बाळाचं दूध, झोप, लंगोट सगळं मिनिटामिनिटाला लिहिते.

गेल्या तीन आठवड्यांत माझा स्कोअर १४, १६ आणि १५ आला. हे फक्त मला आणि ॲपला माहीत आहे. नवरा अधूनमधून विचारतो, ‘ॲप वापरतेस ना?’ मी हो म्हणते, तो निश्चिंत होतो. ध्यानाची नऊ दिवसांची साखळी तुटली त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

अजून एक. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. पहिल्यांदा मी ‘क्वचित’ निवडलं. लगेच लाल पट्टी आली, खाली फोन नंबर. मी इतकी घाबरले की मागे जाऊन ‘कधीच नाही’ केलं. तेव्हापासून तेच निवडते. तसं मी काही करणार नाही हो. पण कधीकधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. आणि बाळाला घेऊन बाल्कनीत गेलं की नको ती चित्रं डोळ्यांपुढे येतात, म्हणून आता मी तिकडे जातच नाही.

प्रश्न साधा आहे. ही ॲप चालू ठेवली तर पुरेसं आहे का, की याहून चांगलं एखादं आहे? ही माहिती कुठे जाते, उद्या ऑफिसात कळेल का, याचीही धास्ती वाटते. आणि माझी धाकटी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे. तिलाही सुचवू का?

— तीन वाजताची

*

प्रिय तीन वाजताची,

पुरेसं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे खालचं सगळं वाचताना त्या उत्तराची वाट बघावी लागणार नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या लाल पट्टीपाशी अडकले. तुझ्या चार ॲपनी मिळून गेल्या तीन आठवड्यांत केलेलं सगळ्यात कामाचं एकच काम म्हणजे ती पट्टी. तू पहिल्यांदा खरं सांगितलंस, आणि त्याने त्याच्या परीने हाक मारली: हिला कुणीतरी माणूस हवंय. तुला मात्र ते शिक्षकांनी लाल शाईत शेरा मारल्यासारखं वाटलं आणि तू उत्तर खोडलंस. दोष तुझा नाही. पट्टी बनवणाऱ्यांनी जरा मऊ शब्द वापरायला हवे होते, रात्री तीनला एकट्या बसलेल्या बाईपुढे हे उजळणार आहे याचा विचार करायला हवा होता. पण ॲपला पट्टी दाखवण्यापलीकडे जाता येत नाही. ते तुझ्या शेजारी येऊन बसू शकत नाही, आणि उत्तर बदललंस तर तुझा चेहराही त्याला दिसत नाही.

म्हणून दहावा प्रश्न आता मी विचारते आणि तू घरातल्या कुणाला तरी त्याचं खरं उत्तर दे. आजच. ‘झोपावं आणि उठूच नये’ हे वाक्य जसं मला लिहिलंस तसंच्या तसं नवऱ्याला सांग, आणि उद्या डॉक्टरांनाही. असं वाटणाऱ्या बहुतेक बायका स्वतःला काही करून घेत नाहीत, हे खरं. तू करणार नाहीस यावर माझा विश्वासही आहे. तरी हा विचार एकटीने राखत बसायचा नसतो. आणि त्याची पुढची पायरी आली, म्हणजे ‘कसं’ आणि ‘कधी’ असं मनात घोळायला लागलं, तर उद्याची वाट बघू नकोस. बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात दे, एकटी राहू नकोस आणि सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तातडीच्या नंबरला फोन कर.

नंबरावरून आठवलं. पट्टीवर आलेला तो नंबर दिवसाउजेडी एकदा लावून बघ. पुष्कळ ॲप एका देशात बनतात आणि दुसऱ्याच देशात वापरली जातात. त्यातले हेल्पलाइन नंबर कधीकधी ॲप बनवणाऱ्यांच्या देशातले असतात, किंवा ठरावीक वेळेतच कुणी उचलतं. तू राहतेस तिथला मानसिक आरोग्याचा चोवीस तास चालणारा नंबर शोध, तिथे कुठल्या भाषेत बोलतात ते विचार आणि तो तुझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्याही फोनमध्ये नावानिशी साठवून ठेव. लागणार नाही कदाचित. असू दे.

आता बाल्कनी. ही गोष्ट तू पत्राच्या शेवटाकडे, घाईघाईने लिहिली आहेस. मला वाटतं, सगळ्यात जास्त लाज तुला त्याचीच वाटते. बाळ हातातून पडतंय, पाण्यात जातंय, आपल्याच हातून त्याला काही होतंय, अशी चित्रं अचानक डोळ्यांपुढे येणं हे नव्या आयांमध्ये, आणि बापांमध्येसुद्धा, फार आढळतं. कुणी बोलत नाही, एवढंच. तू त्या चित्रांनी हादरतेस आणि बाल्कनी टाळतेस, यावरूनच कळतं की ती तुझी इच्छा नाही, तुझी भीती आहे. ही सांगितल्याने बाळाला तुझ्यापासून कुणी काढून घेणार नाही. जाणकार डॉक्टरने असं शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि त्यावर उपचार आहेत.

याहून अगदी वेगळी अवस्था म्हणजे तसलं काही करणंच बरोबर आहे असं पटायला लागणं, कुणी सांगतंय असं ऐकू येणं, घरच्यांवर विचित्र संशय येणं, दोन-दोन दिवस झोप नाही तरी अंगात वारं भरल्यासारखं वाटणं. त्याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात. हजार बाळंतपणांत एखाद-दुसऱ्या बाईला होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं. तू लिहिलेल्यात याची खूण मला दिसत नाही. पण हा फरक तुझ्या नवऱ्यालाही माहीत असावा, कारण ती वेळ आलीच तर फोन त्यालाच करावा लागेल.

आता तुझ्या आकड्यांकडे वळते. तुझं ॲप देतं ते दहा प्रश्न बहुधा एडिंबरा स्केलचे आहेत. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की या तिघांनी ते तयार केले, घरोघरी जाऊन नव्या आयांना भेटणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारायचं, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन, जास्तीत जास्त बेरीज ३०. दहाच्या पुढे गेलं की लक्ष द्यायचं. १३ किंवा त्याहून जास्त आलं तर नैराश्य असण्याची बरीच शक्यता धरून तज्ज्ञाने नीट तपासायचं. हे निदान नव्हे. तापमापीने ताप कळतो, कशाचा आहे ते कळत नाही, तसंच हे.

या प्रश्नावलीच्या सूचनांमध्ये एक ओळ आहे, ती मला फार आवडते. आईने उत्तरं दुसऱ्या कुणाशी चर्चा न करता स्वतःची स्वतः द्यावीत, याची काळजी घ्या, असं त्यात म्हटलंय. पण भरलेला कागद ती परत कुणाच्या हातात देणार, हे त्यात गृहीतच होतं. समोर सेविका बसलेली असायची. ती आकडा बघायची, मग दहाव्या प्रश्नाकडे बघायची, मग बाईकडे. ॲपमध्ये आले ते प्रश्न, सेविका बाहेरच राहिली. तू भरताना एकटी असतेस, ते ठीकच आहे. गडबड होते ती भरून झाल्यावर, कारण तेव्हाही तू एकटीच असतेस.

आणि एक बारीकसा हिशेब. दहाव्याला तू खोटं उत्तर दिलंस म्हणजे तुझे १५ हे कमीत कमी १६ आहेत. एका गुणाने तसं काही बिघडत नाही, पण डॉक्टरांना दाखवताना हे सांगायला विसरू नकोस.

‘बाळंतपणानंतर सगळ्यांनाच रडू येतं’ असं तुला कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं आहे. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू होणारं, कारणाशिवाय येणारं रडू अर्ध्याहून जास्त बायकांना येतं आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. तू अकराव्या आठवड्यात आहेस, तीन आठवडे तुझा आकडा तेराच्या वर आहे. हे ते रडू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात गरोदरपणी सुमारे १० टक्के आणि प्रसूतीनंतर सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्य नैराश्य. तू जिथे बाळंत झालीस त्या वॉर्डात त्याच आठवड्यात तुझ्यासारखी आणखी एक तरी असणार. तिच्याही फोनमध्ये कदाचित तेच ॲप असेल.

‘याहून चांगलं एखादं आहे का’ या प्रश्नावर थोडी थांबते, कारण यात खरंच सांगण्यासारखं आहे. ॲपना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. ऑस्ट्रेलियातल्या जेनेट मिलग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मममूडबूस्टर’ नावाचा सहा सत्रांचा इंटरनेटवरचा कार्यक्रम तयार केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं रीतसर निदान झालेल्या ४३ बायका होत्या. बारा आठवड्यांनी कार्यक्रम केलेल्यांपैकी ७९ टक्के बायकांना ते निदान लागू राहिलं नाही. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हेच प्रमाण १८ टक्के होतं. चाचणी लहान आहे, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण त्या कार्यक्रमाबरोबर एक बाई होती. फोनवर. ठरलेल्या वेळी फोन करून ती विचारायची, कसं चाललंय, कुठे अडलंय.

अमेरिकेत २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ‘ममालिफ्ट प्लस’ नावाच्या ॲपला प्रसूतीनंतरच्या सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी मान्यता दिली. आठ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं आणि डॉक्टरच्या उपचारांना जोड म्हणून वापरायचं असतं. म्हणजे तिथेही दाराशी माणूस आहेच.

उलट बाजू बघ. आरोग्यसेविका असल्या, पण हातात फोन नाही, तर काय होतं? ‘लॅन्सेट’मध्ये २००८ साली अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांचा पाकिस्तानच्या ग्रामीण भागातला प्रयोग छापून आला. गावातल्या साध्या आरोग्यसेविकांना, ज्यांना मानसशास्त्राची पदवी नव्हती, विचार आणि वागणं बदलण्याच्या सोप्या पद्धती शिकवल्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून त्यांनी नैराश्य असलेल्या बायकांना सोळा वेळा घरी जाऊन भेटायचं, असं ठरलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या बायकांपैकी २३ टक्केच नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे हे प्रशिक्षण न घेतलेल्या सेविका तेवढ्याच वेळा गेल्या, त्यांच्यात ५३ टक्के. म्हणजे नुसतं माणूस येऊन गेल्यानेही भागत नाही, त्याला काय करायचं ते माहीत हवं. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने पुढे पुस्तिका म्हणून सगळ्यांसाठी खुली केली. हे तुला सांगतेय ते एवढ्यासाठीच की तुझा आजार बरा होणारा आहे, आणि तो बरा करण्याची रीत माहीत झालेली आहे. ॲपमधले व्यायाम त्या रीतीचाच एक तुकडा आहेत, आणि तो तुकडा तू एकटीने ओढतेयस.

तुझं ध्यान नऊ दिवसांत तुटलं म्हणून रडलीस ना? २०१९ मध्ये संशोधकांनी मानसिक आरोग्याच्या ॲपचा खरा वापर मोजला, लोक काय सांगतात ते नव्हे. महिन्याभरानंतर ॲप उघडणारे लोक, सगळी ॲप चढत्या क्रमाने लावून मधोमधचं धरलं तर, ३.३ टक्के निघाले. शंभरात तीन! त्यातल्या किती जणांना तीन-तीन तासांनी कुणी दुधासाठी उठवत असेल? ती साखळी, ते बिल्ले, ‘आज तुम्ही आला नाहीत’ म्हणणारं चिमुकलं चित्र, हे सगळं परत परत ॲप उघडायला लावण्यासाठी केलेलं असतं. बरं वाटण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन स्मरणपत्रं बंद कर. ध्यान हवंसं वाटेल तेव्हा लाव. पाच मिनिटं डोळे मिटून पडलीस आणि झोप लागली तर ध्यानाहून उत्तम.

बाळाच्या नोंदींचं ॲप मात्र आजच काढून टाक. यावर मी वाद घालणार नाही. पहिले काही दिवस, दूध येतंय की नाही या चिंतेत, नोंदी उपयोगी असतात. तुझ्या बाळाचं वजन वाढतंय, डॉक्टर खूश आहेत, आणि तू अजूनही डाव्या बाजूला अकरा मिनिटं की तेरा हे लिहितेयस. काळजी करणाऱ्या मनाला मोजायला काहीतरी दिलं की ते मोजतच राहतं. माझ्या वेळी फोन नव्हते तर मी वहीत रेघा मारायचे. थोरलीची ती वही आजही माझ्याकडे आहे. त्यात तिच्या हसण्याची एकही नोंद नाही, नुसते आकडे. (हे वाचून ती आता मला फोन करेल.)

आता तुझा रात्री तीनचा सोबती. त्याला मी हसणार नाही. त्या वेळेला कुणीच जागं नसतं आणि मनातलं शब्दांत उतरवल्याने जरा हलकं वाटतं, हे खरंच आहे. पण दोन गोष्टी लक्षात घे. हे चॅटबॉट साधारणपणे तुझ्या बोलण्याला धरून बोलतात. ‘मी वाईट आई आहे’ म्हणालीस तर ते समजूत घालेल, पण दिवसभर तू काही खाल्लंस का हे त्याला दिसत नाही, आणि तू आज कालपेक्षा हळू बोलतेयस हे त्याच्या लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे ते कायम असेलच असं नाही. ‘वोबॉट’ हा या क्षेत्रातला नावाजलेला चॅटबॉट, प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठीही त्यावर काम चाललेलं होतं. ३० जून २०२५ ला कंपनीने त्याचं ॲप बंद केलं. रोज त्याच्याशी बोलणाऱ्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तू त्याचा एक चांगला उपयोग करू शकतेस. आज रात्री त्याला म्हण, ‘मला नवऱ्याला सांगायचंय, कसं सांगू?’ आणि जे वाक्य जमेल ते कॉपी करून नवऱ्याला पाठव. समोरासमोर बोलायला धीर होत नसेल तर शेजारच्या खोलीतूनही पाठवता येतं. माझ्याकडून एक मसुदा देते, हवा तर घे: ‘तू टाकून दिलेल्या ॲपमध्ये माझा स्कोअर तीन आठवडे तेराच्या वर आहे. तेराच्या वर आला की डॉक्टरांकडे जायचं असतं. एका प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं होतं, ते तुला आज सांगते. उद्या माझ्याबरोबर चल.’ सोबत तिन्ही आठवड्यांचे स्क्रीनशॉट लाव. हेच डॉक्टरांनाही दाखव. माझ्यासमोर बसून ‘तसं ठीक आहे’ म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात. तोंडाने ठीक आहे म्हणता येतं, स्क्रीनशॉट पुढे केल्यावर म्हणता येत नाही. या कामासाठी तुझं ते पहिलं ॲप फोनमध्ये राहू दे. बाकीच्यांचं काय करायचं ते नंतर बघ.

हे तुझ्या नवऱ्यासाठी, त्याला वाचायला दे. अहो, तुम्ही त्या रात्री काहीतरी शोधलंत, बायकोच्या हातात दिलंत, तुमचा हेतू चांगलाच होता. पण ‘ॲप वापरतेस ना?’ हा प्रश्न आता बंद करा. ‘या आठवड्यात किती आला?’ असं विचारा, आणि आकडा ऐकून झाल्यावर उठून जाऊ नका. दुसरं, तिला सलग चार-पाच तास झोप हवी आहे. तुकड्यातुकड्यांची आठ तास झोप त्याची जागा घेत नाही. एका वेळचं दूध काढून ठेवून किंवा डॉक्टरांना विचारून दुसरी सोय करून ती वेळ तुम्ही सांभाळा, आणि फोन तिच्या उशाशी नको. तिसरं, तुम्ही स्वतः कसे आहात? बाळ झाल्यावर दहापैकी सुमारे एका बापालाही नैराश्य येतं, आणि ते बरेचदा चिडचिडीच्या किंवा ऑफिसात जास्त वेळ थांबण्याच्या रूपात दिसतं.

डॉक्टरांकडे गेलीस की आधी तुझ्या प्रसूतीतज्ज्ञ किंवा घरच्या डॉक्टरांना दाखवलंस तरी चालेल, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जाता येतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांग. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येणं हे फार दुर्मीळ नाही, आणि थकवा, उदासी, धडधड हे सगळं त्यानेही होतं. रक्त कमी असेल तर तेही यात भर घालतं. बोलण्याच्या उपचारांनी भागतंय का ते ते बघतील. औषध सुचवलं तर ‘मी पाजतेय’ म्हणून लगेच नाही म्हणू नकोस. नैराश्यावरची काही औषधं पाजताना घेता येतात. सर्ट्रालीन अशा वेळी बरेचदा पहिल्यांदा निवडतात, कारण ते दुधात फार कमी उतरतं. तुला कुठलं, किती, हे मात्र तुला तपासलेला डॉक्टरच ठरवेल. ते ना मी सांगू शकत, ना तुझा चॅटबॉट.

माहिती कुठे जाते ही तुझी धास्ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये ‘फ्लो’ या पाळी आणि गरोदरपणाची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर, आणि २०२३ मध्ये ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन सेवेवर, लोकांची खाजगी माहिती जाहिरातीच्या धंद्यातल्या कंपन्यांपर्यंत पोहोचवल्याबद्दल कारवाई केली. दुसरीला ७८ लाख डॉलर भरायला लागले. ऑफिसात कुणी तुझा स्कोअर वाचत बसेल असं मला वाटत नाही. ऑफिसचा ईमेल किंवा ऑफिसने दिलेला फोन मात्र यासाठी वापरू नकोस. जे ॲप ठेवशील त्यात सोशल मीडियाच्या खात्याने शिरू नकोस, खरं नाव लिहू नकोस, लोकेशन आणि संपर्कयादीची परवानगी काढून घे. जी ॲप काढशील त्यांचं आधी आतलं खातं मिटव, मग ॲप उडव. नुसतं ॲप उडवलं तर तू लिहिलेलं त्यांच्याकडे तसंच राहतं. पुढेमागे नवीन एखादं घ्यायची वेळ आली तर ते कुणी बनवलंय, मागे डॉक्टर किंवा विद्यापीठ आहे का आणि त्यात माणूस भेटतो का, एवढं बघ. तारे आणि कौतुकाचे शेरे बघू नकोस.

राहिली बहीण. तिला सुचव, तिच्यासाठी तर ही वेळ तुझ्याहून बरी आहे. पुष्कळ बायकांचं नैराश्य बाळंतपणानंतर दिसतं, पण सुरू गरोदरपणातच झालेलं असतं. तेच दहा प्रश्न गरोदरपणातही चालतात. तिने आत्ता एकदा आणि शेवटच्या तीन महिन्यांत एकदा भरावेत आणि तपासणीला जाताना रक्तदाबाच्या कागदाबरोबर तेही न्यावेत. श्वासाचे व्यायाम, ध्यान, जे काही शिकायचं ते आताच शिकावं, बाळ आल्यावर नवीन काही शिकायला डोकं जाग्यावर नसतं, तुला माहीतच आहे. आणि त्रास झाला तर पहिला फोन कुणाला करायचा हे आताच ठरवून ठेवावं.

पण तिला ॲपची लिंक पाठवण्याआधी फोन कर. १४, १६, १५ सांग, दहाव्या प्रश्नाबद्दल सांग, बाल्कनीबद्दलही सांग. ती घाबरेल, कदाचित रडेल आणि लगेच यायला निघेल. येऊ दे तिला.